निवडलेला हात, नेमलेला हात : हस्तनिर्मितीच्या नैतिकतेविषयी

१

'हाताने केलेले' हे विशेषण वरवर पाहता केवळ वर्णनपर आहे. एखादे मातीचे भांडे, हातमागावरचे वस्त्र, किंवा चार मित्रांनी स्वतः टंकलिखित आणि चक्रमुद्रित करून, टाचून वाटलेला कवितांचा अंक यांना आपण हे विशेषण लावतो, तेव्हा ती वस्तू कशी झाली एवढेच आपण सांगत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात त्याच विधानात एक निवाडाही अंतर्भूत असतो. ती वस्तू प्रामाणिक आहे, तिच्यामागे माणूस उभा आहे, बाजाराच्या आणि प्रस्थापिताच्या नियमांना ती सर्वस्वी वश झालेली नाही, असे आपण गृहीत धरतो. पाश्चात्त्य देशांत 'डू इट युवरसेल्फ' म्हणजे 'स्वतः करा' या ब्रीदाभोवती जी स्वतंत्र कलाचळवळ उभी राहिली, तिचा सारा नैतिक आत्मविश्वास या गृहीतावर आधारलेला आहे. मराठीतील लघुअनियतकालिकांविषयी आपण जे आदराने बोलतो आणि प्रबंधांतून लिहितो, त्यामागेही बव्हंशी हेच गृहीत असते.

या गृहीताची तपासणी हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हस्तनिर्मितीचा गौरव करताना आपण नेमका कशाचा गौरव करतो? हाताला, केवळ तो हात आहे म्हणून, काही नैतिक अधिकार प्राप्त होतो काय? आणि ज्या समाजात कोणता हात कोणते काम करील हे शतकानुशतके जन्माने ठरत आले, तेथे 'स्वतः करा' या वाक्याचा अर्थ काय होतो? हा शेवटचा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. तो विचारल्याशिवाय पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुरी होत नाहीत, असे मला वाटते.

२

हस्तश्रमाला नैतिक प्रतिष्ठा देणारी आधुनिक काळातील सर्वांत प्रभावी मांडणी जॉन रस्किनची आहे. 'द स्टोन्स ऑफ व्हेनिस' या ग्रंथाच्या १८५३ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात गॉथिक शैलीच्या स्वरूपाविषयीचे जे प्रकरण आहे, त्यात त्याने कारागिराच्या कामातील ओबडधोबडपणा हे त्याच्या स्वातंत्र्याचे चिन्ह मानले. निर्दोष, एकसारखे काम हे कारागिराला यंत्रवत राबवल्याचे लक्षण. दोष हे त्याला विचार करू दिल्याचे लक्षण. विल्यम मॉरिसने हे प्रकरण इतके महत्त्वाचे मानले की आपल्या केल्मस्कॉट मुद्रणालयातून १८९२ साली त्याने ते स्वतंत्रपणे छापले. परंतु याच मुद्रणालयाच्या इतिहासात या भूमिकेची कोंडीही दिसते. १८९६ साली तेथून निघालेल्या चॉसरच्या ग्रंथाच्या कागदावरील ४२५ प्रती छापल्या गेल्या आणि एका प्रतीची किंमत वीस पौंड होती. समाजवादी मॉरिसने श्रमाच्या आनंदासाठी घडवलेले पुस्तक श्रमिकाच्या हाती पडणे अशक्य होते. करणाऱ्याच्या बाजूने जे मुक्तिदायक ठरले, ते घेणाऱ्याच्या बाजूने विशेषाधिकाराचे चिन्ह बनले.

मॉरिसचा वारसा आपल्याकडे पोचला तो आनंद कुमारस्वामींच्या द्वारे. हा वारसा अगदी शब्दशः वारसा होता : त्यांचे 'मिडीव्हल सिंहलीज आर्ट' हे १९०८ सालचे पुस्तक केल्मस्कॉटच्याच यंत्रावर छापलेले आहे. पुढल्याच वर्षी आलेल्या 'द इंडियन क्राफ्ट्समन' या पुस्तकात त्यांनी हिंदी कारागिराचे जे चित्र रेखाटले, त्यात वंशपरंपरागत व्यवसाय हा बंधनाचा नव्हे तर आश्वासनाचा भाग आहे. कारागिराला आपले स्थान ठाऊक आहे, स्पर्धेची चिंता नाही, कौशल्य पित्याकडून पुत्राकडे येते आणि काम ही उपासना होते. औद्योगिक इंग्लंडमध्ये जे हरपले होते, ते कुमारस्वामींना हिंदुस्थानच्या खेड्यात अद्याप शिल्लक दिसले.

हेच खेडे आणि हाच वंशपरंपरागत हात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुसऱ्या बाजूने पाहिला. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या १९३६ सालच्या भाषणात त्यांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था ही निव्वळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही उच्चनीच क्रमाने लावलेली. व्यक्तीची आवड, कल, पात्रता यांपैकी कशालाही या विभागणीत स्थान नाही. ज्या कामाला समाज हीन मानतो आणि जे सोडण्याचीही मुभा नाही, त्या कामात कौशल्याचा आनंद कसा निर्माण व्हावा? रस्किनने कारागिराच्या स्वातंत्र्याची खूण त्याच्या कामाच्या पृष्ठभागावर शोधली होती. आंबेडकरांचा प्रश्न त्या पृष्ठभागाच्या अलीकडचा आहे : हे काम करण्याचे त्याने ठरवले होते काय?

या भाषणाचा प्रकाशनेतिहास आपल्या विषयाला अनपेक्षितपणे लागू पडतो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने निमंत्रण देऊन अखेर परिषदच रद्द केल्यामुळे ते भाषण झालेच नाही. आंबेडकरांनी ते स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. 'स्वतः करा' या वृत्तीचे याहून गंभीर उदाहरण विसाव्या शतकातील हिंदी साहित्यव्यवहारात शोधावे लागेल. परंतु येथे स्वतः करण्यामागे हस्तश्रमाचे प्रेम नाही. दुसऱ्याने दार लावून घेतले म्हणून ही कृती घडलेली आहे, आणि जे छापले त्याचा आशय नेमून दिलेल्या हस्तश्रमाच्या विरोधातला आहे.

३

आता लघुअनियतकालिकांकडे वळू. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी १९५४ साली 'शब्द' हे चक्रमुद्रित नियतकालिक सुरू केले. पुढे अशोक शहाणे यांचे 'असो', राजा ढाले यांचे 'येरू', आणि 'फक्त', 'वाचा' अशी अनेक नावे साठोत्तरी काळात आली आणि गेली. मुंबईप्रमाणेच औरंगाबादसारख्या ठिकाणीही ही लाट होती. या अंकांच्या हस्तनिर्मित रूपाविषयी आपण कौतुकाने बोलतो खरे. पण ते रूप नेमके कसे सिद्ध होत असे हे क्वचितच पाहतो. टंकलेखन यंत्राची फीत बाजूला करून मेणकागदावर अक्षरे ठोकायची; त्या आघाताने मेण फाटून अक्षराची जागा झिरझिरीत होते; तो कागद यंत्राच्या शाईच्या रुळावर ताणायचा आणि एकेक कोरा पत्रा आत सोडायचा. काही शे प्रती निघेपर्यंत मेणकागद दुमडतो, अक्षरे पसरट होतात. ही सगळी सामग्री सरकारी आणि व्यापारी कचेऱ्यांतली आहे. परिपत्रके काढण्यासाठी बनलेले यंत्र कवींनी कवितेसाठी वापरले. तेव्हा काटेकोरपणे बोलायचे तर हे अंक हस्तनिर्मित नव्हतेच.

इंग्रज विचारवंत आणि कारागीर डेव्हिड पाय याने १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप' या पुस्तकात एक उपयुक्त भेद केला आहे. 'हाताने केलेले' हा शब्द तंत्रदृष्ट्या निरर्थक आहे, कारण जवळजवळ प्रत्येक कामात कोणते ना कोणते साधन असतेच. खरा भेद आहे तो जोखमीच्या कारागिरीत आणि निश्चितीच्या कारागिरीत. पहिलीत काम चालू असताना प्रत्येक क्षणी ते बिघडण्याची शक्यता असते. दुसरीत फलित आधीच ठरून गेलेले असते. लेखणीने लिहिणे हे पहिलीचे उदाहरण, छापणे हे दुसरीचे.

पायचा भेद हस्तकौशल्यापुरता आहे. तो साहित्यव्यवहाराला लावला तर लघुअनियतकालिकांचे वेगळेपण कुठे होते ते स्पष्ट होते. त्यांची जोखीम मेणकागदावर कमी आणि निर्णयांच्या साखळीत अधिक होती. काय छापायचे, कोणत्या भाषेत, किती प्रती, कोणाला द्यायच्या, पुढचा अंक काढायचा की नाही, यांपैकी प्रत्येक निर्णय करणाऱ्यांच्या स्वतःच्या हाती होता, आणि त्यांपैकी कोणताही फसू शकत होता. 'अनियत' हा शब्दच या संदर्भात लक्षणीय आहे. नियतकालिक पंचांगाला बांधलेले असते; मजकूर असो वा नसो, महिना आला की पाने भरावी लागतात. 'अनियत' म्हणवून घेणाऱ्यांनी हे बंधन नाकारले. १९७६ साली लंडनमध्ये मार्क पेरी याने काढलेले 'स्निफिन ग्लू' हे पंक संगीताचे पत्र येथे आठवते. टंकलिखित मजकूर, जाड लेखणीचे मथळे आणि छायाप्रती एवढ्यावर ते निघाले. खप वाढत असतानाच, १९७७ साली, ते बंद करण्यात आले. वाचकांनी आमचे पत्र घेत बसण्यापेक्षा आपापली पत्रे काढावीत, ही त्यामागची दृष्टी होती.

यावर एक आक्षेप संभवतो. तो असा की निर्णयाचे स्वातंत्र्य म्हणजे गुणवत्ता नव्हे, आणि दुसऱ्याचा हात नाकारण्याची किंमत असते. 'सत्यकथा'विरुद्ध १९६९ च्या सुमारास जे बंड झाले, त्याची कारणे खरी होती. विशिष्ट सामाजिक स्तराच्या अभिरुचीला तेथे वाङ्मयीन निकषाचे स्थान मिळाले होते. पण श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखितांवर ज्या प्रकारे काम करीत, लेखकांशी ज्या चिकाटीने पत्रव्यवहार करीत, तीही कारागिरीच होती, आणि पायच्या अर्थाने जोखमीची कारागिरी होती. संपादकाचा हात म्हणजे दुसऱ्या जाणत्या वाचकाची नजर. स्वतःच लिहायचे, स्वतःच निवडायचे आणि स्वतःच छापायचे या पद्धतीत ही नजर गमावण्याचा धोका असतो. अनियतकालिकांत जे पुष्कळसे लेखन आज वाचवत नाही, त्याचे एक कारण हेही आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र त्याने सिद्ध होते ते एवढेच, की स्वतः करणे हे वाङ्मयीन मूल्य नाही. ते नैतिक मूल्य आहे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

त्याचबरोबर 'स्वतंत्र' या शब्दाविषयीही सावध असावे. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नामवंत रचनाकार होते. १९७६ साली आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चार कवींनी 'क्लिअरिंग हाऊस' ही आपली सहकारी प्रकाशनसंस्था मुंबईत काढली, तेव्हा तिच्या पुस्तकांना रूप देणारी नजर बाजारात घडलेली होती. पुढे अशोक शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशना'ने 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ साली आणि 'भिजकी वही' २००३ साली काढली. त्या पुस्तकांचे देखणेपण बाजारापासून सोवळे राहण्यातून आलेले नाही. दिवसा विकले जाणारे कौशल्य रात्री न विकण्याचा अधिकार त्या हाताने राखला, यात त्याचे स्वातंत्र्य होते.

४

येथवरच्या विवेचनातून एक भेद पुढे येतो. एक हात निवडलेला असतो : करणाऱ्याने ते काम स्वतः पत्करलेले असते. दुसरा हात नेमलेला असतो : ते काम त्याच्यावर जन्माने, गरजेने वा रूढीने लादलेले असते. 'स्वतः करा' ही हाक निवडलेल्या हाताला उद्देशून आहे. ज्याला दुसऱ्याकडून करवून घेण्याची सोय आहे, त्यालाच स्वतः करण्यात मुक्ती दिसते. बलुतेदाराला कोणी 'स्वतः करा' असे सांगण्याची आवश्यकता नव्हती. गांधीजींनी चरखा सर्वांच्या हाती दिला, तेव्हा हस्तश्रमाची जातिनिहाय वाटणी पुसण्याचा तो एक मोठा प्रयत्न होता, हे नाकारता येणार नाही. तरीही सूत कातणारा वकील आणि माग चालवणारा विणकर एकाच प्रकारे स्वतंत्र होत नाहीत. वकिलाला चरखा बाजूला ठेवता येतो.

हाच निकष मला निर्णायक वाटतो. कामाची नैतिक प्रतिष्ठा करण्यात शोधण्याऐवजी थांबवता येण्यात शोधावी. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आणले. त्या लढ्याचा आशय नवे काम मागण्याचा नव्हता. जुने काम नाकारता यावे, हा होता. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. मेलेली जनावरे ओढण्यास नकार देणे ही या प्रदेशातील एक महान नैतिक कृती आहे, आणि ती न करण्याची कृती आहे. हस्तश्रमाच्या कोणत्याही सौंदर्यशास्त्राला तिची दखल घ्यावीच लागेल.

या प्रकाशात लघुअनियतकालिकांचा इतिहासही थोडा निराळा दिसतो. ती लवकर बंद पडली ही गोष्ट आपण त्यांची मर्यादा म्हणून नोंदवतो. वस्तुतः बंद पडू शकणे हे त्यांच्या स्वातंत्र्याचे अंग होते. उलट ज्यांना दुसरे व्यासपीठच नव्हते, त्यांना थांबणे परवडणारे नव्हते. आंबेडकरांनी १९२० साली 'मूकनायक' काढले; त्याआधी १९१० साली मुकुंदराव पाटील यांनी सुरू केलेले 'दीनमित्र' नगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून दीर्घकाळ निघत राहिले; १९६७ पासून गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' औरंगाबादहून नियमाने येत राहिले. यांपैकी कोणीही अनियततेला मूल्य मानले नाही. नियमितपणे निघत राहणे हाच त्यांचा प्रतिकार होता. साधनांची तुटपुंजी स्थिती दोन्हीकडे होती. पण एकीकडे ती शैली झाली, दुसरीकडे अडचणच राहिली. आपल्या समीक्षेने शैलीची नोंद घेतली आणि अडचणीचा उल्लेख प्रस्तावनेपुरता केला.

५

निवडलेला आणि नेमलेला हा भेद प्रत्यक्षात नेहमीच इतका स्वच्छ असतो असे मात्र नाही. वारली चित्रांचे उदाहरण घेऊ. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणे हे सुवासिनींचे काम. त्यात पालघट देवीची स्थापना होते आणि लग्नकार्य आटोपले की ते चित्र जपून ठेवले जात नाही. सत्तरच्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही कला कागदावर आली. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी विधीबाहेरही रोजच्या रोज चित्रे काढली. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ सालच्या पॅरिसमधील 'मॅजिसियन्स द ला तेर' या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती, २०११ साली ते 'पद्मश्री' झाले. २०१८ साली ते निवर्तले.

या घटनेकडे केवळ विधीचा ऱ्हास म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. मशे यांनी नेमलेल्या परंपरेतून निवडलेले काम निर्माण केले. एका आदिवासी माणसाला चित्रकार म्हणून नाव मिळाले. परंतु ज्या स्त्रियांचा तो हात होता, त्यांचे काम निनावीच राहिले, आणि परंपरा बाजारात आली तेव्हा सही प्रामुख्याने पुरुषांची होती. एकाच्या हाताला निवड मिळत असताना दुसऱ्याचा हात अदृश्य होऊ शकतो. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने प्रदेशाचे नाव सुरक्षित झाले, व्यक्तीचे नव्हे.

कोल्हापुरी चपलेला असे मानांकन २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातील मिळून आठ जिल्ह्यांसाठी मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमधील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या चपला कोल्हापूरचे नाव न घेता सादर केल्या. टीका झाल्यावर कंपनीने त्यांचे मूळ मान्य केले. त्या वेळी आपल्याकडे जो संताप व्यक्त झाला तो अनाठायी नव्हता. पण त्यात 'आपला वारसा' हा शब्दप्रयोग ज्या सहजतेने झाला, ती सहजता विचार करायला लावते. ज्या चर्मकार हातांनी हा वारसा घडवला, त्यांना आपण पिढ्यानपिढ्या काय दिले? पायात त्यांचे काम आणि उंबऱ्याबाहेर त्यांची जागा, ही व्यवस्था परक्यांनी लादलेली नव्हती. नाव न घेण्याचा दोष परदेशी कंपनीच्या पदरी घालताना आपल्याच घरातील निनावीपणाचा हिशेबही मांडावा लागतो.

यावर कोणी विचारील की मग नेमलेल्या हाताने घडवलेल्या वस्तूचे सौंदर्य आपण नाकारायचे काय? तसे मुळीच नाही. वस्तूचे सौंदर्य आणि ती घडवणाऱ्याच्या परिस्थितीचा न्याय या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अन्यायाने सौंदर्य रद्द होत नाही. तसेच सौंदर्य हे न्यायाचे प्रमाणपत्रही होत नाही. रस्किनची चूक आणि कुमारस्वामींची चूक एकाच ठिकाणी होते : वस्तूतील चैतन्यावरून ते कर्त्याच्या मुक्ततेचे अनुमान करतात. हे अनुमान टिकणारे नाही. बंधनात असलेल्या माणसानेही उत्तम काम केले आहे, आणि त्या कामातून त्याचे बंधन दिसत नाही, हीच तर अडचण आहे.

६

तेव्हा 'हाताने केलेले' या विशेषणातील नैतिक निवाडा आपण मागे घ्यावा आणि त्याच्या जागी काही प्रश्न ठेवावेत, असे मी सुचवीन. हे काम करण्याचे कोणी ठरवले? त्यावर नाव कोणाचे आले? आणि करणाऱ्याला ते थांबवता येत होते काय? संगणकावर कोणालाही पुस्तक सिद्ध करता येऊ लागल्यापासून हाताने टाचलेला अंक ही आता गरज उरलेली नाही, रुचीची बाब झाली आहे. आणि जुनी अनियतकालिके संग्राहकांच्या नजरेत दुर्मिळ वस्तू झाली आहेत. केल्मस्कॉटच्या चॉसरचे जे झाले, ते कचेरीतल्या यंत्रावर निघालेल्या चार पानांचेही होऊ शकते. अशा वेळी हस्तनिर्मितीच्या सुगंधावर विसंबून राहणारी समीक्षा संग्राहकाचीच भाषा बोलू लागेल.

'स्वतः करा' मधला 'स्वतः' हा शब्दही याच प्रश्नांखाली आणला पाहिजे. मेणकागद टंकलिखित करणारा, कागदाचे पैसे देणारा, घरातली जागा मोकळी करून देणारी, चहा करून देणारी, पाने लावणारी माणसे कवींच्या नामावळीत नसतात. बंडखोर अंकाचा 'स्वतः' अनेकदा अनेकांचा असतो आणि सही दोघाचौघांची असते. लघुअनियतकालिकांवर आपण पुष्कळ लिहिले, ते बहुतेक जाहीरनाम्यांवर, कवितांवर आणि भांडणांवर. त्या अंकांच्या निर्मितीचा इतिहास, म्हणजे कोणाचे हात, कोणाचे पैसे, कोणाचा वेळ आणि कोणाचे मौन त्यांत खर्ची पडले याचा इतिहास, संशोधकांनी हाती घेण्याजोगा आहे. त्या पिढीतील पुष्कळजण आता हयात नाहीत. जे आहेत, त्यांना कवितांविषयी विचारून झाले असेल. आता टंकलेखकाचे नाव विचारावे.